लांब्या का गट्ट्या, विहीणबाई?

विहीणबाई, मॅच झाली. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्याच रविवारी झाली, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात नुसता गोंधळ चाललाय. कोण जिंकलं एवढंच विचाराल तर एका शब्दात सांगीन. पण तुम्ही जिंकलात का मी, ते मला अजून उमगलेलं नाही. आणि ज्यांना विचारावं अशा तुम्ही एकट्याच होतात.

तुमच्या पुण्यानुमोदनाला मला बोलायला उभी केली. समोर सगळ्या पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, तुमचा फोटो. सगळे तुमच्या कष्टाबद्दल बोलले, मनमिळाऊ स्वभावाबद्दल बोलले. मनमिळाऊ ऐकून मला हसूच यायला लागलं, तुम्ही असतात तर तुम्हालाही आलं असतं. मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. काय बोलणार होते मी? केस पांढरे झालेल्या दोन विहिणी बॉक्सिंगवरून भांडायच्या, हे त्या मांडवात सांगायचं कसं? म्हणून इथं लिहिते आहे.

माझी संगीता तुमच्या घरी कारेगावला दिली तेव्हा माझ्या आईनं मला बजावलं होतं, मुलीच्या सासूपुढं तोंड वर करून बोलायचं नाही. ती म्हणेल त्याला व्हय म्हणायचं. ती खुर्चीवर बसली तर आपण सतरंजीवर बसायचं. नात होईपर्यंत तर मी तुमच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही. आपण किती रिती सोडल्या, देव सोडले, उपास सोडले, पण मुलीच्या आईनं खालच्या मानेनं वागायचं ही रीत काही कुणी सोडायला तयार नाही. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसूनसुद्धा मी खालीच बसायची. तुम्हीही मला कधी वर बस म्हणाला नाहीत. तुम्हाला ते सुचलंच नसेल. तुमची आईही तशीच बसत आली असणार.

मग नात मोठी झाली, आपली प्रज्ञा, आणि शिरूरला बॉक्सिंगच्या क्लासला जायला लागली.

तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. मी कासुर्डीहून चौफुल्याला गाडी बदलून, भीमा ओलांडून, न्हावऱ्यावरनं शिरूर आणि तिथून कारेगाव अशी धडपडत आले होते. प्रज्ञा मोबाईलवर बॉक्सिंग बघत होती. तुम्ही खुर्चीत, मी सतरंजीवर, मोबाईल मधे. दोन दांडगे बाप्ये नुसत्या चड्ड्यांवर एकमेकांना बुकलत होते. मधेच ते एकमेकांच्या गळ्यात पडले.

मी म्हणाले, "अगं बाई, मिटलं वाटतं."

"मिटतंय कशाचं," तुम्ही म्हणालात. "दमलाय त्यो. दमला का गळ्यात पडायचं, म्हंजी समोरच्याला हात उगारायला जागा ऱ्हात न्हाई."

"मग हरंल का?"

"त्यो न्हाई, दुसरा हरंल. टाचा बघा की त्याच्या."

"न्हाई," मी म्हणाले.

तेवढंच म्हणाले, पण संगीता लाटणं हातात घेऊन सैपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला पहिल्यांदा 'न्हाई' म्हणाले होते. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत जसं काही तुमच्या सतरंजीनंच तोंड उघडलं.

"न्हाई का म्हणून?" तुम्ही विचारलंत.

"त्याचे हात लांब हायेत. समोरच्यानं जवळ यायचं कसं?"

"हातानं जिंकत्यात व्हय? उद्या म्हणाल, बांबू घेऊन उभा करा."

"बांबू पण लागतोच की, विहीणबाई!"

चहा गार झाला, चपात्या करपल्या, आणि आपण दोघी त्या मोबाईलवर ओणव्या. तुमच्या खोलीत भाड्यानं राहणारा मुकेश, तो बिहारचा, कंपनीतली फर्स्ट शिफ्ट करून आलेला, तोही दारात थांबला आणि म्हणाला, "दादी, ये तो बहुत पुराना है." मग प्रज्ञा पोट धरून हसायला लागली. म्हणाली, "अगं आज्यांनो, ही दोघं कवाच रिटायर झाली. त्यातला एक आता हॉटेल चालवतो!"

"मंग मघापासनं आमी भांडतोय कुणासाठी?" तुम्ही म्हणालात, आणि पदर तोंडाला लावून जे हसायला लागलात ते हसतच राहिलात. मी तुम्हाला त्याआधी हसताना बघितलंच नव्हतं. हसता हसता तुम्ही खुर्चीवरून सरकून खाली सतरंजीवर आलात, मोबाईल नीट दिसावा म्हणून. त्यानंतर आपण दोघी जेव्हा बसलो तेव्हा खालीच बसलो. ह्यावर कधी बोलणं झालं नाही आपलं.

मग प्रज्ञानं ती खरी मॅच सांगितली, जी व्हायची होती. दोन चॅम्पियन. दोघंही हेवीवेट, म्हणजे वजनाला वरच्या गटातले. दोघंही कधी न हरलेले. दोघांकडंही जगज्जेतेपदाचे पट्टे. मला ते काही केल्या पचेना. मी म्हटलं, जगात पहिला नंबर एकालाच असतो ना? दोघं कसे? प्रज्ञा सांगायला लागली, वेगवेगळ्या संस्था असतात, वेगवेगळे पट्टे असतात.

तुम्ही तिला अडवलंत. "दोन गावच्या जत्रा म्हण की. ह्या जत्रंत ह्यो, त्या जत्रंत त्यो. आता दोघांची जोड लावलीय."

एक होता ताडमाड उंच, त्याचं नाव जिभेवर बसेना म्हणून मी त्याला लांब्या म्हटलं. दुसरा त्याच्या खांद्याला लागणारा, मान म्हणून नाहीच, तो तुमचा गट्ट्या. मॅच व्हायला बरेच महिने होते. आणि ते सगळे महिने आपण भांडलो. मी कासुर्डीहून फोन करायची, तर तुमचं पहिलं वाक्य तब्येत कशी, पाऊसपाणी कसं, असलं काही नसायचंच. "गट्ट्यानं पोटात मारायला सुरुवात केलीय सरावात, बघितलं का?" माझा मुलगा विचारायचा, आई, ताईच्या सासूबाई एवढ्या वेळ काय बोलतात गं? काय सांगू त्याला!

तुमची पारख तुमच्या वडलांकडून आलेली. ते कुस्ती खेळायचे, हे तुम्ही मला फार उशिरा सांगितलंत. जत्रेच्या आखाड्यात लंगोट लावून उभे राहायचे आणि जोडी लावणारे म्हातारे त्यांच्याकडं बघून म्हणायचे, तुझ्या जोडीचा गडी आला न्हाई. समोर त्यांच्याच अंगाचे गडी उभे असायचे. पण वडील कुठल्या वस्तीतले ते सगळ्यांना ठाऊक. मग ते कपडे घालून कडेला बसायचे आणि तुम्हाला मांडीवर घेऊन सांगायचे, आता ह्यो पडंल, आता त्यो पडंल. "बा म्हणायचा, तोंडाकडं बघू नको, तोंडं सगळ्यांचीच वाघाची. टाच बघ. दमलेला गडी टाच टेकतो." तुम्ही हे सांगितलंत तेव्हा आवाजात काही राग नव्हता. भाजी निवडत होतात. मेथीची पानं एकीकडं, काड्या एकीकडं.

मग प्रज्ञाची निवड झाली. हरियाणातल्या एका बॉक्सिंगच्या हॉस्टेलात राहायचं, सराव तिथं, कॉलेजही तिथंच. संगीता आणि जावईबापू दोघांनी हात वर केले. जावईबापू म्हणाले, "तुम्ही दोघी आज्या एक व्हा, मग मी पाठवतो." त्यांना वाटलं, झालं, सुटलो. आपण एक कशा होणार?

मी म्हणत होते जाऊ द्या. तुम्ही म्हणत होतात नाही. लोकांना वाटेल उलटं असायला पाहिजे. पैलवानाची लेक तुम्ही, आणि मी? मी आयुष्यात डासाशिवाय कुणाला मारलेलं नाही. पण तुमचं म्हणणं पक्कं होतं. "कुस्तीत गडी मातीत पडतो, उठतो, अंग झाडतो. ह्यात डोक्यावर मारत्यात, विहीणबाई. डोक्यावर! ह्या घरात पहिल्यांदा कुणी बारावीला एवढं मार्क काढलं. जे डोकं शिकवायला आपली हाडं झिजली त्याच डोक्यावर तिनं बुक्क्या झेलायच्या?"

आणि मी म्हणाले, "पण तिला जोड मिळतीय, विहीणबाई. तुमच्या वडलांना मिळाली न्हाई."

तुम्ही उठलात, चहाचं आधण ठेवलंत. चहा दिलात, साखर माझ्या बेताची घातली होती. पण उत्तर दिलं नाहीत. मी त्या उत्तराची अजून वाट बघते आहे. माझं बोलणं तुम्हाला लागलं होतं, का पटलं होतं, का नुसतं आधण उकळायला आलं होतं म्हणून उठलात, मला कधीच कळलं नाही.

शेवटी प्रज्ञाच वैतागून म्हणाली, "तुमचं काय मिटणार न्हाई. मॅचवरच ठरवा. लांब्या जिंकला तर मी जाते. गट्ट्या जिंकला तर न्हाई."

ती चेष्टेनं म्हणाली. मी हसले. तुम्ही मात्र हात पुढं केलात. "ठरलं. शब्द म्हंजी शब्द. लावा टाळी."

मी टाळी दिली. तेव्हा वाटलं गंमत आहे. पोरीच्या आयुष्याचा निकाल दोन परक्या बाप्यांच्या हातात दिला आपण! पण विहीणबाई, खरं सांगू? मला बरंही वाटलं. तुम्ही मला बरोबरीची टाळी दिलीत.

आणि मग तुमची धाप वाढली. शिरूरच्या दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला आले तेव्हा मास्क बाजूला करून तुम्ही पहिलं काय म्हणालात? संगीता बाहेर औषधं आणायला गेली होती, खोलीत आपण दोघीच. तुम्ही म्हणालात, "विहीणबाई, लांब्या जिंकंल."

मला वाटलं, धाप लागलीय, नावाची गल्लत झाली. मी म्हणाले, "अहो, लांब्या माझा. तुमचा गट्ट्या."

"व्हय. ठावं हाय मला. लांब्याच जिंकंल."

"टाचा बघितल्या का?" मी हसवायला म्हणून विचारलं.

तुम्ही हसला नाहीत. हात उचललात आणि माझ्या मानेवर टाकलात. जड हात. तसाच ठेवलात. सिस्टर आली, म्हणाली वेळ संपली. मी तो हात उचलून चादरीखाली ठेवला आणि चौफुल्याची गाडी चुकंल म्हणून निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

आता तुम्हीच सांगा मी काय धरू? तुम्हाला खरंच लांब्यात काही दिसलं होतं? का पोरीला जाऊ द्या असं तुम्हाला म्हणायचं होतं आणि वरमाईनं मुलीच्या आईपुढं हार मानायची रीतच नाही म्हणून तसं म्हणालात? का मला बरं वाटावं म्हणून? का औषधाची गुंगी होती? आणि तो हात. मायेनं टाकलात म्हणावं, तर तुम्हीच शिकवलं होतं मला, दमलेला माणूस गळ्यात पडतो. दोन्ही असेल. दोन्ही असू शकतं का, विहीणबाई?

मॅच आपल्याकडं उजाडायच्या सुमारास होती. संगीता म्हणाली, घरात दुःख आहे, टीव्ही नको. मग मी आणि प्रज्ञा गच्चीवर गेलो, मोबाईलचा आवाज बंद करून. खालून मुकेशही वर आला. तो माझ्या मागं उभा राहिला. तुमची जागा मोकळी ठेवली होती ना, त्या जागेवर तो बसेना.

आवाज नाही म्हटल्यावर ते फार विचित्र दिसतं. मार दिसतो, ऐकू येत नाही. सुरुवातीला लांब्या चांगला खेळला, त्याचे हात पार लांबून यायचे. मग गट्ट्या वाकून आत शिरायला लागला आणि पोटात मारायला लागला, तुम्ही सांगितलं होतं अगदी तसं. मी टाचा बघायला लागले. लांब्याची टाच टेकली. मला दिसली. तुमच्याशिवाय पहिल्यांदा दिसली, आणि सांगायला शेजारी वळले तर तिथं कोणी नाही.

आणि मग गट्ट्यानं त्याच्या कानशिलावर असा एक ठेवला की लांब्याचं डोकं सगळं मागं गेलं. माझा लांब्या! मी ओरडायला पाहिजे होतं, उठ रे, मार रे. पण माझा हात कुठं होता माहीत आहे का? प्रज्ञाच्या डोक्यावर. मी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, घट्ट.

ती म्हणाली, "आजी, दुखतंय."

मी सोडलं. पण मला वाटायला लागलं, गट्ट्याच जिंकू दे. जिंकू दे आणि पोरगी घरात राहू दे. विहीणबाई, एवढे महिने मी बिनधास्त 'जाऊ द्या' म्हणत होते, कारण भ्यायला तुम्ही होतात. तुम्ही गेलात आणि ते भिणं माझ्याकडं आलं. मला न विचारता आलं. म्हणजे शेवटी काय झालं बघा, तुम्ही दवाखान्यात माझ्या बाजूला आलात आणि मी गच्चीवर तुमच्या बाजूला गेले. आपण वाटेत एकमेकींना दिसलोसुद्धा नाही.

शेवटची घंटा झाल्यावर दोघांनीही हात वर केले. दोघांनीही! आम्हाला काही समजेना. मुकेश म्हणाला, "दादी, अभी जज बताएगा." तीन जज असतात. दोघांनी गट्ट्याला दिलं, एकानं लांब्याला. मी म्हटलं, हा कुठला निकाल? ज्या एकाला लांब्या जिंकलेला दिसला तो काय आंधळा होता? कुस्तीत पाठ लागली की लागली, सगळ्या गावाला दिसते. प्रज्ञा म्हणाली, "आजी, असंच असतं. गट्ट्या जिंकला." आणि मोबाईल बंद करून खाली गेली. पायऱ्यांवर तिचे पाय वाजत होते, एकेक.

तिनं ग्लोव्ह्ज धुऊन वाळत घातले, वाळल्यावर कपाटात वरच्या फळीवर ठेवले. शब्द म्हणजे शब्द, तुमचीच नात.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, मांडववाला खुर्च्या उचलत होता. जावईबापू माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांचा चेहरा अगदी तुमच्यासारखा झाला होता. म्हणाले, "मामी, आई दवाखान्यात पोरीबद्दल काय बोलली होती का?"

मी सांगितलं. लांब्या जिंकंल म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या. मानेवर हात टाकला ते मात्र सांगितलं नाही, ते माझं आहे.

संगीता म्हणाली, "आई, खरं सांगतीयस ना? का पोरीसाठी..."

पोटची लेक, पण विचारलं तिनं. मला राग आला नाही. मीही विचारलं असतं.

जावईबापू बोटांवर हिशेब करत बसले. "म्हंजी आईनं पक्ष बदलला. मग दोघींचा लांब्याच झाला. आन् लांब्या हरला. मग दोघी हरल्या का काय?"

"तुमच्या आईला काय म्हणायचं होतं ते मला कळलं न्हाई," मी म्हणाले. "जे कानांनी ऐकलं ते सांगितलं. त्याच्या पुढचं मला ठावं न्हाई."

प्रज्ञा दारात उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं आणि ती माझ्याकडं बघत होती. मला कळलं, आता ह्यांना मॅच नको, आता माझ्या तोंडचा शब्द पाहिजे. एवढे महिने जे मी सहज म्हणत होते ते आता मॅचशिवाय म्हणायचं होतं. मी म्हणाले, "जा." आणि लगेच म्हणाले, "मला लई भ्या वाटतंय, पण जा." ती दोन्ही वाक्यं माझीच होती का, का त्यातलं एक तुमचं होतं, ते तुम्ही ठरवा.

ती गेली. तुम्हाला राग आला असेल तर आला. नसेल तर नसेल. हरलेल्या बाजूनं पोरगी पाठवली मी, टाळीला नाही जागले. का जागले? हेच तर विचारतेय कधीची.

काल तिचा फोन आला. जेवण बरं आहे, पोळ्या जाड असतात, पोरी चांगल्या आहेत, बोली अजून कळत नाही. मी म्हटलं, बरं.

मग ती म्हणाली, "आजी, डोकं दुखतंय का ते विचार ना. कारेगावची आजी क्लासवरनं आलं का रोज विचारायची."

मी विचारलं, "दुखतंय का गं डोकं?"

"न्हाई."

"खरं?"

"खरं."

मी फोन ठेवला. ती 'न्हाई' म्हणाली ते कसलं 'न्हाई', मला काही ओळखता येईना. तुम्हाला आलं असतं, विहीणबाई. आज संध्याकाळी ती परत फोन करणार आहे, आणि मी परत विचारणार आहे.